शंका कोण घेतो आणि किंमत कोण मोजतो? कथा-कादंबऱ्यांतील संशयी आणि श्रद्धाळू

साहित्याच्या वर्गात एक गोष्ट ठरावीक पद्धतीने शिकवली जाते. कादंबरीत दोन माणसे समोरासमोर उभी असतात. एक श्रद्धाळू, दुसरा संशयी. एक हृदयाने चालतो, दुसरा बुद्धीने. दोघांचा वाद होतो आणि शेवटी प्राध्यापक सांगतात की, हा मानवी मनातील दोन प्रवृत्तींचा सनातन संघर्ष आहे. विद्यार्थी वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि विषय संपतो.

आम्ही समाजशास्त्राच्या बाजूने या विषयाकडे आलो. 'सनातन' हा शब्द कानावर आला की आम्हाला आधी त्या शब्दाचीच चौकशी करावीशी वाटते. संशयी आणि श्रद्धाळू ही पात्रे आभाळातून पडलेली नाहीत. ती कोणीतरी लिहिली आहेत, कोणत्या तरी काळात, कोणत्या तरी जातीच्या अंगणात बसून. म्हणून अशी गोष्ट वाचताना तीन प्रश्न विचारले पाहिजेत. शंका घेण्याचा अधिकार कोणाला दिला आहे? श्रद्धाळूच्या जागी कोणाला बसवले आहे? आणि वाद संपल्यावर किंमत कोण मोजतो? हे तीन प्रश्न हातात घेऊन आपल्या साहित्याचा इतिहास तपासला, तर तो पाठ्यपुस्तकापेक्षा फार वेगळा दिसतो.

एक जाळला गेला, एकाने माघार घेतली

सुरुवात महाकाव्यांपासून करू. महाभारताच्या शांतिपर्वात युद्ध जिंकून युधिष्ठिर हस्तिनापुरात प्रवेश करतो. ब्राह्मणांचा समुदाय त्याला आशीर्वाद देत असतो. तेवढ्यात भिक्षूच्या वेशातला एकजण पुढे येतो आणि राजाला तोंडावर सुनावतो की, आप्तांचा संहार करून मिळवलेल्या या राज्याचा तुला काय उपयोग? त्याचे नाव चार्वाक. ब्राह्मण लगेच जाहीर करतात की हा ब्राह्मण नव्हे, हा दुर्योधनाचा मित्र असलेला राक्षस आहे. आणि ते नुसत्या हुंकाराने त्याला जाळून टाकतात.

येथे एक गोष्ट नीट पाहा. चार्वाकाने विचारलेला प्रश्न युधिष्ठिराच्या मनातही आहे. त्याच शांतिपर्वाच्या आरंभी युधिष्ठिर स्वतः रडतो आहे, राज्य नको म्हणतो आहे, आप्तांच्या हत्येने होरपळतो आहे. म्हणजे प्रश्न एकच. राजाने विचारला तेव्हा त्याची समजूत घालायला भाऊ, पत्नी, ऋषी, कृष्ण आणि शरशय्येवरचे भीष्म असा सगळा लवाजमा उभा राहिला. हजारो श्लोकांचा उपदेश झाला. बाहेरच्या माणसाने विचारला तेव्हा त्याला राक्षस ठरवून जाळले. तर मग हा श्रद्धा विरुद्ध संशय असा स्वभावांचा झगडा कसा म्हणायचा? प्रश्न विचारण्याचा परवाना कोणाकडे आहे, याचाच हा निवाडा आहे.

रामायणात जाबाली आहे. अयोध्याकांडात तो रामाला परत फिरायला सांगताना म्हणतो की, श्राद्धाचे अन्न मेलेल्याला पोहोचत नाही, ती अन्नाची नासाडी आहे. राम संतापतो. मग जाबाली सांगतो की मी नास्तिक नाही, तुम्ही परत यावे म्हणून तेवढ्यापुरते तसे बोललो. जाबाली ब्राह्मण आहे, दरबारातला आहे, म्हणून तो वाचतो. पण वाचतो तो शब्द मागे घेऊन.

हे दोन नमुने नीट लक्षात ठेवावेत. ब्राह्मणी कथेत संशयी माणसाला दोनच दरवाजे आहेत. बाहेरचा असेल तर आग आणि आतला असेल तर माघार. लोकायत विचारांच्या ग्रंथांचेही असेच झाले. त्यांचे म्हणणे आज आपल्याला बहुतांशी त्यांच्या विरोधकांच्या पुस्तकांतून, खंडनासाठी उद्धृत केलेले असेच सापडते.

राजा म्हणून की पंडित म्हणून?

याच भूमीत दुसरीही एक परंपरा होती. दीघनिकायात पायासि सुत्त आहे. सेतव्या नगरीचा अधिपती पायासि परलोक मानत नाही, सुकृत-दुष्कृताचे फळ मानत नाही. तो आपल्या शंकेसाठी एकामागून एक पुरावे मांडतो आणि कुमार कस्सप त्याला दृष्टांतामागून दृष्टांत देत उत्तर देतो. सुत्ताच्या शेवटी पायासि आपले मत सोडतो. म्हणजे येथेही संशयी माणूस हरतो, हे आपण लपवायचे कारण नाही. पण तो वादात हरतो. त्याला कोणी राक्षस म्हणत नाही, त्याचा युक्तिवाद पूर्ण नोंदवला जातो, आणि म्हणूनच इतक्या शतकांनंतरही आपण तो वाचून स्वतःचे मत बनवू शकतो.

'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात तर संशयी माणूस स्वतः राजा आहे. ग्रीक राजा मिनँडर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला, पाली ग्रंथातला मिलिंद. भिक्खू नागसेन वादाला बसण्याआधी एक अट घालतो. तू पंडित म्हणून बोलणार असशील तर बोलू, राजा म्हणून बोलणार असशील तर नाही. फरक काय, असे विचारल्यावर तो समजावतो की पंडितांच्या वादात एखादा हरतो, चूक कबूल करतो, पण रागावत नाही. राजे मात्र न पटणाऱ्याला शिक्षा फर्मावतात.

मित्रांनो, चार्वाकाची गोष्ट आणि ही अट शेजारी शेजारी ठेवून पाहा. श्रद्धा आणि शंका यांचे भांडण व्हावे की संवाद, हे त्या दोघांच्या स्वभावावर ठरत नाही. त्या बैठकीत कोणाच्या हातात दंड आहे आणि तो बाजूला ठेवायची त्याची तयारी आहे का, यावर ते ठरते.

इव्हानचा पुरावा

आता आधुनिक कादंबरीकडे येऊ. संशयी-श्रद्धाळू जोडीचे जगभर दिले जाणारे उदाहरण म्हणजे दस्तयेव्स्कीची 'करमाझोव बंधू' ही रशियन कादंबरी. ती १८७९ ते १८८० या काळात प्रसिद्ध झाली. इव्हान आणि अल्योशा हे दोन भाऊ. इव्हान शिकलेला, तर्कनिष्ठ. अल्योशा मठात राहणारा, श्रद्धावान. एका खाणावळीत दोघे बसतात आणि इव्हान देवाच्या जगाविरुद्ध आपला खटला मांडतो.

त्या खटल्यातला सर्वांत भयंकर पुरावा कोणता? एका भूदासाचे आठ वर्षांचे पोर. खेळताना त्याचा दगड जमीनदाराच्या लाडक्या कुत्र्याच्या पायाला लागतो. जमीनदार दुसऱ्या दिवशी त्या पोराला आईच्या डोळ्यांदेखत पळायला लावून त्याच्यावर शिकारी कुत्रे सोडतो. इव्हान विचारतो की, या जगात पुढे कितीही मोठा सुसंवाद होणार असला, तरी या पोराच्या अश्रूंची भरपाई कशी होणार? त्या आईला त्या जमीनदाराला क्षमा करण्याचा अधिकारच नाही, असे तो म्हणतो.

ही कादंबरी थोर आहे. ते प्रकरण वाचून हादरला नाही असा वाचक विरळा. पण आपले तीन प्रश्न येथेही लावून पाहा. शंका घेतो जमीनदाराचा मुलगा. श्रद्धा बाळगतो जमीनदाराचा मुलगा. ज्याच्या दुःखावर हा सगळा वाद उभा आहे ते पोर भूदासाचे, आणि त्याची आई संपूर्ण वादात एक शब्दही बोलत नाही. तिने क्षमा करावी की नाही, हेसुद्धा इव्हानच ठरवतो. ती देव मानत होती का? त्या दिवसानंतर मानत राहिली का? आपल्याला कळत नाही. ती फक्त पुरावा आहे.

आम्ही हे दस्तयेव्स्कीला कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. त्या आईच्या जागी बसून कोणी लिहिले तर काय होते, हे पाहण्यासाठी लिहितो आहोत. आणि त्यासाठी आपल्याला रशियाला जायची गरज नाही. ते काम पुण्यात त्या कादंबरीच्या आधी चोवीस वर्षे झाले होते.

१८५५ : विदूषक बाजू बदलतो

१८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. ते त्यांनी दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले. ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे जोतीरावांनी पुढे 'गुलामगिरी'त (१८७३) नोंदवून ठेवले आहे. या नाटकाची संहिता छापून लोकांपुढे यायला १९७९ साल उजाडले. म्हणजे मराठी नाटकाच्या इतिहासातले हे पान सव्वाशे वर्षे अंधारात होते.

नाटकाची गोष्ट साधी आहे. एक गरोदर कुणबी बाई. एक जोशी तिच्या दारात येतो आणि तिच्या पोटातल्या बाळावर ग्रहांचे संकट असल्याची भीती घालतो. नवरा-बायको दोघेही घाबरतात. मग अनुष्ठान आले, ब्राह्मणभोजन आले, त्यासाठी कर्ज आले. ज्यांच्या कर्जावर पंगती उठल्या ते नवरा-बायको मात्र उपाशी. पुढे एका पाद्र्याशी त्यांचे बोलणे होते, विचारांना चालना मिळते, आणि नाटकाच्या शेवटी ते दोघे फुले दांपत्याच्या रात्रीच्या शाळेत शिकायला जायचे ठरवतात. हे तिसरे रत्न म्हणजे ज्ञानाचा तिसरा डोळा, असा अर्थ अभ्यासक लावतात.

यात संशयी पात्र कोण? विदूषक. ही निवड किती विचारपूर्वक आहे ते पाहा. संस्कृत नाटकात विदूषक बहुधा ब्राह्मण असतो, खादाड असतो आणि राजाचा मित्र असतो. तो हसवतो, पण त्याच्या हसण्याने सिंहासनाला कधी धक्का लागत नाही. जोतीरावांनी त्याच विदूषकाला उचलून कुणब्याच्या झोपडीशी आणून उभे केले. आता तो जोशाच्या प्रत्येक वाक्यावर बोट ठेवतो, प्रेक्षकांना लबाडीचा हिशेब समजावून सांगतो. खादाड म्हणून आता दुसरेच कोणी उघडे पडते.

आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. हा विदूषक हसतो कोणाला? त्याच्या हसण्याचा रोख जोशावर आहे. नवरा-बायकोच्या भोळेपणाची त्याला चीड येते, पण त्यांना तो शत्रू मानत नाही. कारण जोतीरावांना ठाऊक होते की त्या बाईची श्रद्धा म्हणजे तिचा मूर्खपणा नव्हे. पोटातले मूल जगावे ही तिची इच्छा खरी आहे. ज्या काळात बाळंतपण म्हणजे जिवावरचा खेळ होता, त्या काळात ती भीती खरी आहे. खोटा आहे तो त्या भीतीवर मांडलेला बाजार. म्हणून जोतीरावांच्या नाटकात श्रद्धाळू माणूस हरत नाही, जळत नाही, हास्यास्पदही होत नाही. तो विद्यार्थी होतो. त्याआधी मराठीत हे कोणी केले होते?

दोनच वर्षांनी, १८५७ साली, बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी आली. तीही महत्त्वाची आहे. विधवांचे हाल पाहणारी, रूढीला प्रश्न विचारणारी यमुना ही मराठी कादंबरीतली पहिलीच शंकेखोर स्त्री म्हणावी लागेल. पण तिची शंका एका धर्माच्या दारातून निघून दुसऱ्या धर्माच्या दारात विसावते. प्रश्न हिंदू रूढीला, उत्तर ख्रिस्ताकडे. जोतीरावांनी पाद्र्याला रंगमंचावर आणले, त्याचे ऐकून घेतले, पण आपल्या पात्रांना चर्चमध्ये न पाठवता शाळेत पाठवले.

आणि जोतीराव स्वतः नास्तिक नव्हते, हेही सांगितले पाहिजे. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त त्यांनी 'निर्मिक' मानला आहे. म्हणजे आधुनिक महाराष्ट्रातील सर्वांत मोठा शंकेखोर एका अर्थाने श्रद्धावानही होता. दोन स्वभावांची पाठ्यपुस्तकी विभागणी जोतीरावांपाशीच मोडून पडते.

सवाल-जवाबाची शाळा

'तृतीय रत्न' छापले गेले नाही, पण त्या विदूषकाचे काम थांबले नाही. सत्यशोधक जलशांनी ते गावोगावच्या पारावर नेले. मुकुंदराव पाटलांनी 'दीनमित्र'मधून आणि 'ढढ्ढाशास्त्री परान्ने'सारख्या कादंबरीतून ते पुढे चालवले. त्या कादंबरीच्या नावातच परान्नावर जगणाऱ्याची ओळख करून दिली आहे. पुढे नाशिकच्या भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसे उभे केले. तमाशातली गणेशवंदना आणि गवळण बाजूला सारून तेथे माणसाचे प्रश्न आले.

जलशाचा घाट पाहिला की एक गोष्ट लक्षात येते. सवाल-जवाब हा त्याचा प्राण आहे. जुन्या वळणाचा माणूस आणि चळवळीतला तरुण समोरासमोर येतात. जुना माणूस परंपरेच्या बाजूने खरेखुरे बोलतो. वतन कसे सोडायचे? गाव काय म्हणेल? देव कोपला तर? हे प्रश्न समोर बसलेल्या प्रत्येकाच्या पोटातले असत. त्यामुळे जलसेकरांना ते टाळता येत नसत, त्यांची उत्तरे द्यावी लागत. श्रद्धाळू पात्राला कच्चे लिहिले असते तर समोरचा माणूस उठून गेला असता.

आजोबांची भाकरी

दलित कथेत हे दोघे एकाच घरात राहायला आले. बंधुमाधवांची 'विषारी भाकरी' आठवा. अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेल्या, १९९२ साली आलेल्या दलित साहित्याच्या इंग्रजी संकलनाला याच कथेचे नाव दिले गेले. कथेत येताळ्या नावाचा आजोबा आहे आणि त्याचा शिकणारा नातू आहे. दोघे बापू पाटलाच्या खळ्यावर जातात. पाटील जातीवरून बोलतो, नातू उलट प्रश्न विचारतो. आजोबा नातवाला गप्प करू पाहतो, पाटलाची मनधरणी करतो. पण पाटील चिडलेला आहे. शेवटी आजोबाच्या हाती लागते ती शिळी, बुरसलेली भाकरी. ती भाकरी खाऊनच तो मरतो. आणि मरताना तो नातवाला सांगतो की, या भाकरीवर जगू नका, शिका, हिच्यातून बाहेर पडा.

या कथेत संशयी कोण आणि श्रद्धाळू कोण, हे पहिल्या पानावर सोपे वाटते. नातू संशयी, आजोबा श्रद्धाळू. पण शेवटापर्यंत गेल्यावर कळते की आजोबाची ती श्रद्धा म्हणजे काय होते. पाटलाला तो 'मायबाप' म्हणतो, कारण त्याच्या चुलीतला जाळ पाटलाच्या खळ्यावर अवलंबून आहे. ज्याला आपण श्रद्धा म्हणतो, तिच्या खाली कित्येकदा भुकेचा हिशेब असतो. आणि त्या कथेतली सर्वांत मोठी शंका नातवाच्या तोंडून न येता मरणाऱ्या म्हाताऱ्याच्या तोंडून येते. आयुष्यभर विश्वास ठेवून ज्याने किंमत मोजली, त्याच्या शंकेला जे वजन आहे ते इव्हानच्या खटल्यालाही नाही. रशियन कादंबरीतली ती मुकी आई येथे बोलू लागली आहे, असे आम्हाला वाटते.

अण्णा भाऊ साठ्यांच्या 'फकिरा'तला राणोजीही याच रांगेतला. १९५९ साली आलेली ही कादंबरी अण्णा भाऊंनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली आहे. त्यात राणोजी शेजारच्या शिगावची जोगणी पळवून आपल्या वाटेगावात आणतो, म्हणजे गावाची जत्रा सुरू होईल, गावाचा मान वाढेल. जोगणी गावात पोहोचते, पण राणोजीचे शिर धडावेगळे होते. अण्णा भाऊंनी त्याच्या श्रद्धेची टवाळी केली नाही. त्याला वीर म्हणूनच रंगवले. पण आजच्या वाचकाने हिशेब मांडायला काय हरकत आहे? मान साऱ्या गावाचा, जत्रा साऱ्या गावाची. मान तुटली ती मात्र मांगाची.

नव्या भारतावरची श्रद्धा

श्रद्धा फक्त देवावर असते असे नाही. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या १९६३च्या संग्रहातली त्याच नावाची कथा हे दाखवते. तिचा नायक शिकलेला आहे, गुजरातेत रेल्वेच्या नोकरीवर जातो. नव्या भारतावर, श्रमाच्या प्रतिष्ठेवर त्याचा विश्वास आहे. जात लपवून तो राहतो. रामचरण तिवारी त्याला विद्वान समजून डोक्यावर घेतो. आणि तेथेच काशिनाथ आहे, तोही आपल्याच समाजातला. या काशिनाथचा त्या नव्या भारतावर काडीचा विश्वास नाही. जातीवरून कोणी बोलले की तो थेट अंगावर जातो, जवळ सुरा बाळगतो.

जात उघड होते. कालपर्यंत पूजा करणारेच मारायला उठतात. काशिनाथ धावून येतो आणि त्याला वाचवतो.

येथे श्रद्धाळू आपला, संशयीही आपला. आणि तिवारीची श्रद्धाही आहे, जी एका शब्दाने, जातीच्या नावाने, क्षणात राख होते. बागुलांनी दाखवून दिले की ब्राह्मणी समाजात विद्वत्तेवरची श्रद्धासुद्धा जातीच्या परवानगीने चालते. संविधान लागू होऊन तेरा वर्षे झाली होती तेव्हाची ही गोष्ट. आजही भाड्याने खोली शोधणाऱ्या आपल्या तरुणाला आडनावावरून प्रश्न विचारले जातात, तेव्हा ती जुनी झालेली नाही हे कळते.

नकार आणि स्वीकार एकाच तोंडून

हा इतिहास एका दिवशी एकत्र आला. १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. बावीस प्रतिज्ञांची रचना पाहा. सुरुवातीच्या प्रतिज्ञा नकाराच्या आहेत. जुने देव, अवतार, श्राद्ध, पिंडदान नाकारणाऱ्या. मग समतेच्या, आचरणाच्या. आणि शेवटी बुद्धधम्माच्या स्वीकाराच्या. लाखो लोकांनी एकाच दिवशी, एकाच दमात संशय आणि श्रद्धा दोन्ही उच्चारले. जाबालीने म्हटलेले श्राद्धाचे वाक्य त्या दिवशी लाखो तोंडांनी म्हटले गेले, आणि या वेळी कोणीही माघार घेतली नाही.

पाली परंपरेत याला आधार आहे. तेथे सद्धेचे प्रकार सांगितले आहेत. चंकी सुत्तात ब्राह्मणांच्या परंपरागत श्रद्धेला 'अमूलिका' म्हटले आहे, म्हणजे मूळ नसलेली. एकामागे एक धरून चाललेल्या आंधळ्यांची रांग. उलट वीमंसक सुत्तात भगवान बुद्ध भिक्खूंना सांगतात की तथागताचीही परीक्षा करा, त्याचे वागणे पाहा, ऐका, तपासा. अशा तपासातून उभी राहिलेली श्रद्धा ती 'आकारवती', कारणांवर उभी असलेली. दुसरीकडे 'विचिकिच्छा', म्हणजे कधीच कुठे न पोहोचणारी, पाऊल उचलू न देणारी शंका, हा पाच नीवरणांपैकी एक अडथळा मानला आहे. म्हणजे धम्मात विभागणी अशी आहे: मूळ असलेली श्रद्धा आणि शोध घेणारी शंका एका बाजूला, मूळ नसलेली श्रद्धा आणि कुजलेली शंका दुसऱ्या बाजूला.

आज आपण कोणत्या पात्राच्या जागी आहोत?

आता मुद्द्याचे बोलू. हा सगळा इतिहास आम्ही का सांगत आहोत?

वस्त्यांमध्ये काम करताना एक प्रसंग आम्ही वारंवार पाहतो. घरातला तरुण चळवळीत येतो, वाचू लागतो, आणि एके दिवशी आजीने जपलेले देवीचे टाक उचलून नदीत टाकून येतो. मोबाइलवर त्याचे कौतुक होते. घरात आजी जेवण सोडते. तरुणाला वाटते की आपण जोतीरावांचा विदूषक झालो. आमचे म्हणणे असे की, त्या क्षणी तो विदूषक नव्हे, खाणावळीतला इव्हान झालेला असतो. आजी त्याच्यासाठी माणूस उरत नाही, मागासलेपणाचा पुरावा होते.

त्याने एकदा आजीला विचारले असते तर? मरीआईला पहिला नवस कधी बोललीस, कशासाठी? मरीआई ही पटकीची, महामारीची देवी. वस्तीत पटकी शिरली तेव्हा दवाखाना किती कोसांवर होता, डॉक्टर आपल्या माणसाला हात लावत होता का, विहिरीचे पाणी कोणाला मिळत होते? त्या नवसाच्या मुळाशी जाल तर एखादे तापाने फणफणलेले पोर सापडेल आणि बंद दरवाजे सापडतील. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात ते टाक राहू नयेत, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण ते आजीच्या हाताने जावेत. 'तृतीय रत्न'मधले नवरा-बायको शाळेत गेले ते कोणी ढकलले म्हणून नव्हे. त्यांना हिशेब समजला आणि मग ते आपल्या पायांनी चालत गेले.

दुसरा धोका याच्या उलट बाजूचा आहे. दुसऱ्यांच्या देवांवर शंका घेणारे आपण, आपल्या नेत्यांवर शंका घेतली की खवळतो. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत इशारा दिला होता की राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. हा इशारा फक्त इतरांसाठी होता का? आपल्या एखाद्या कार्यकर्त्याने बैठकीत निधीचा हिशेब मागितला तर त्याला 'फुटीर', 'विकला गेलेला' म्हणणे, आणि चार्वाकाला 'राक्षस' म्हणणे, यात फरक किती? हातात अग्नी नसला तरी हुंकार तोच असतो. आपल्या बैठकींना नागसेनाची अट लावली पाहिजे. पंडित म्हणून बोला, राजा म्हणून नाही.

तिसरी गोष्ट लिहिणाऱ्या मित्रांसाठी. आपल्यातले अनेकजण आज कथा लिहितात, एकांकिका बसवतात, लघुपट करतात. त्यांत संशयी नायक असतो आणि श्रद्धाळू म्हणून एखादी खुळी म्हातारी किंवा दारुडा बाप असतो. त्या म्हातारीला तिची कारणे द्या. तिला तोडीस तोड संवाद द्या, जलशातल्या जुन्या माणसाला होते तसे. तुमचा नायक त्या संवादांना उत्तर देऊ शकला नाही, तर नायकाने अजून वाचले पाहिजे, असा त्याचा अर्थ. आणि त्या म्हातारीच्या भीतीवर पैसा कमावणारा जोशी, बुवा, सावकार, आज चॅनेलवर बसून राशी सांगणारा कोण, त्याला गोष्टीच्या बाहेर ठेवू नका. आपल्या हसण्याचा रोख तिकडे हवा.

या महिन्यात आपापल्या वस्तीत एक बैठक घ्या. 'तृतीय रत्न' समग्र फुले वाङ्मयात उपलब्ध आहे. ते मोठ्याने वाचा, पात्रे वाटून घ्या. जोशाचे काम तरुणाने करावे, कुणबी बाईचे काम घरातल्या एखाद्या आजीला द्या. वाचून झाल्यावर आधी आजीला बोलू द्या. तुम्ही वही काढून लिहून घ्या.

जय भीम!